देवीची माळ

"तिनं काय खाल्लंय ते सांगा," डॉक्टर म्हणाले.

"काही नाही खाल्लं. सकाळी पेज आणि लोणचं. तेच आम्ही सगळ्यांनी खाल्लं."

"बाई, नीट आठवून सांगा."

"नीटच सांगतेय!"

माझा आवाज चढला. तसा तो कायमच चढलेला असतो. मी घाटावरची, लग्न होऊन कोकणात आले तेव्हापासून सासरची माणसं मला 'रंजना, जरा हळू' असं सांगत आलीत. पण त्या दुपारी तालुक्याच्या दवाखान्यात मला कुणी हळू म्हणालं नाही. खाटेवर माझी सुगंधा होती, सहा वर्षांची. तिचे डोळे अर्धे उघडे होते, तोंडातून लाळ गळत होती, आणि मधूनच सगळं अंग ताठ होऊन थरथरत होतं. पहिला आचका टेम्पोत आला तेव्हा मी तिला छातीशी इतकं घट्ट धरलं होतं की तिच्या दंडावर माझ्या बांगड्यांचे वळ उठले होते.

ती मला सापडली ती मागीलदारी विहिरीजवळ, ओकताना. उन्हात खेळली असेल म्हणून मी आधी रागावलेच. मग ती उठून माझ्याकडे यायला निघाली आणि वाट सोडून भलतीकडेच चालू लागली. भिंतीला धडकली, आणि हसली. ते हसणं बघून मी तिला उचललं आणि रस्त्याकडे पळाले. शेजारच्या अंतूचा टेम्पो आंब्याच्या पेट्या भरून उभा होता. त्यानं पेट्या तशाच रस्त्यावर उतरवल्या आणि आम्हाला घेऊन निघाला. आमचे हे ट्रॉलरवर खलाशी, ते तेव्हा समुद्रात. सासरे दुसऱ्या वाडीत पूजेला गेलेले. घरी निरोप ठेवायलाही मी थांबले नाही.

डॉक्टर ठवरे विदर्भातले, पोरगेलेसेच, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी सुगंधाला सुई दिली, आचका थांबला, तसे ते मला दाराशी घेऊन गेले.

"हे बघा, मी तुम्हाला खरं ते सांगतो. या दिवसांत मेंदूज्वराची मुलं येतायत. तिलाही अंगात ताप आहे. मेंदूज्वर असेल तर तिला आत्ताच्या आत्ता गोव्याला मोठ्या इस्पितळात न्यायला हवं. इथे त्यावर काही इलाज नाही. पण आचक्यांनीही अंग तापतं. ही लाळ, हे ओकणं, ओठांवर हा जांभळा डाग, यावरून मला विषाचा संशय येतोय. विष असेल, आणि मला वाटतंय त्या जातीचं असेल, तर तिला हलवायचं नाही. उजेड नको, आवाज नको, धक्का नको. या रस्त्यानं गोव्याला न्यायचं म्हणजे खड्ड्यागणिक आचका येईल. पोहोचणार नाही ती."

"मग ठरवा की!"

"ठरवायचंच आहे. म्हणून तर विचारतोय, तिनं काय खाल्लं?"

तितक्यात नर्सबाईंनी मला हाक मारली. ओकारीनं सुगंधाचा फ्रॉक भिजला होता, तो बदलायचा होता. निळा फ्रॉक, मीच शिवलेला. मी तो तिच्या अंगावरून काढला आणि झटकायला म्हणून समोर धरला. फ्रॉकचे दोन्ही खिसे बाहेर उलटे लोंबत होते.

मी तशीच उभी राहिले. नर्सबाई काहीतरी बोलत होत्या, ते मला ऐकू आलं नाही.

आता हे खिसे म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमचं घर गुरवाचं. गावाच्या वरच्या अंगाला पावणाईची राई आहे, पिढ्यान् पिढ्या कुऱ्हाड न लागलेलं देवीचं रान. तिथली पूजा आमच्या घराकडे. राईतलं काही बाहेर न्यायचं नाही हा गावाचा कडक नेम. लाकूड नाही, फळ नाही, वाळकं पानसुद्धा नाही. झाड उन्मळून पडलं तरी ते पडल्या जागी कुजतं. राईच्या कडेला दगडांचा गडगा आहे. बाहेर पडताना तिथे थांबायचं, बायकांनी पदर झटकायचा, पुरुषांनी धोतराचा सोगा झटकायचा, म्हणजे चुकून अंगाला लागून आलेलं पान राईतच राहतं. आणि पोरांनी खिसे उलटे करून दाखवायचे. माझे सासरे, त्यांना सगळा गाव आबा म्हणतो, ते सुगंधाला पूजेला घेऊन जायचे. मुलगे ऐटीत चड्डीचे खिसे उलटे करायचे आणि हिच्या फ्रॉकला खिसाच नसायचा. त्यावरून तिनं माझा जीव खाल्ला होता. शेवटी मी त्या निळ्या फ्रॉकला दोन खिसे लावून दिले, ते तेवढ्यासाठीच.

म्हणजे ती राईत गेली होती. एकटी. आणि बाहेर येताना गडग्यापाशी थांबून, कुणी बघत नसताना, तिनं खिसे उलटे केले होते.

"डॉक्टर," मी म्हणाले, "काळसर फळं आहेत. द्राक्षांसारखे घोस. आमच्या राईत एक वेल आहे, जुना. एरवी तो झाडांच्या शेंड्यावर असतो. परवाच्या वाऱ्यात एक फांदी मोडून त्याच्यासकट खाली आलीय."

"वेलाचं नाव काय?"

"देवीची माळ."

"ते तुमच्या गावातलं. दुसरं काही नाव?"

"दुसरं नाही. गावात सगळे माळच म्हणतात."

त्यांनी कपाळ चोळलं. "मला तो वेल बघायला हवा. पान हवं, जून खोडाचा तुकडा हवा, आणि फळ अख्खं हवं. फळाच्या आतलं बी बघितल्याशिवाय मी काही ठामपणे म्हणू शकत नाही. कुणाला तरी पाठवा."

पाठवणार कुणाला? अंतू राईच्या गडग्याला पाय लावायला तयार झाला नसता. आणि आबांशी वाद घालायची वेळ आली तर अख्ख्या गावात तो घालणारी एकच बाई होती. सुगंधाचा हात मी नर्सबाईंच्या हातात दिला. पोरीला तशी टाकून जाताना मला काय वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि आताही सांगवत नाही.

गावात पोहोचलो तेव्हा आबा आमच्या अंगणात उभे होते. सोबत दाजी राणे, गावचे मानकरी. बातमी त्यांच्यापर्यंत गेली होती.

"कसां आसा चेडू?" आबांनी विचारलं.

"आचके येतायत. आबा, ती राईत गेली होती. माळेची फळं खाल्लीत तिनं. डॉक्टरांना वेल दाखवायचाय, पान आणि फळ. लगेच."

आबा माझ्याकडे बघत राहिले. मग हलकेच म्हणाले, "राईत? एकटां?"

"हो. कोयता कुठाय?"

"रंजना, थांब."

"थांबायला वेळ नाही!"

"माळेक कोणी हात लावूचो नाय," आबा म्हणाले. "माझ्या बापाशीन लावूक नाय, तेच्या बापाशीन लावूक नाय. देवीक इचारल्याबिगर पान हलाचा नाय."

"तुमची नात मरतेय तिकडे!"

"माका म्हायत आसा."

"मग देवी नातीपेक्षा मोठी का? सांगा ना! मोठी का?"

सुनेनं सासऱ्याला असं विचारलेलं त्या गावानं त्याआधी ऐकलं नव्हतं. आबा विहिरीवर गेले, कळशी ओढली आणि डोक्यावरून पाणी ओतून घेतलं. ओल्या धोतरानिशी, फुलांची परडी घेऊन राईकडे चालायला लागले. जाताना तेवढं म्हणाले, "कौल घेतंय. वेळ लावूचंय नाय."

कौल म्हणजे देवीला प्रश्न विचारायचा. देवीच्या पाषाणाला उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पेरणी कधी करायची, सोयरीक जुळवावी की नाही, भांडणात खरं कोण, सगळं गाव आबांच्या हातच्या कौलावर ठरवायचं. आबांनी कधी कुणाच्या बाजूनं कौल वळवला असा शब्द शत्रूच्याही तोंडून निघाला नव्हता. मला या प्रकारात कधीच फारसा राम वाटला नाही, पण त्या माणसाच्या सचोटीबद्दल मलाही शंका नव्हती. त्या दिवशी मला भीती वाटत होती ती त्या सचोटीचीच.

बायकांनी गडग्याच्या आत पाषाणापर्यंत जायचं नाही. मी गडग्याला धरून उभी राहिले. आत झाडीचा काळोख. दाजी राणे आबांच्या मागे थोड्या अंतरावर जाऊन थांबले. आबांची ओली पाठ मला दिसत होती, पाषाण दिसत नव्हता. त्यांनी पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवी म्हाराजा..."

"होय म्हाराजा," दाजींनी साथ दिली.

"आज जी काय लेकरावर इडापिडा इली आसा..."

"होय म्हाराजा."

"तेच्यासाठी तुझी माळ तोडूची पाळी इली आसा. तुझा राखणदार तुका इचारता, तोडू काय नको ता सांग म्हाराजा."

"होय म्हाराजा."

मग दोघंही पाकळी पडायची वाट बघत राहिले. मला वाटत होतं, गडगा चढून आत जावं, त्या पाकळ्या हातानं ओरबाडून काढाव्यात. आबांना ढकलावं. डोळ्यांपुढे सुगंधाचं ते भिंतीला धडकून हसणं येत होतं. कुठेतरी वर एक पक्षी ओरडत होता, तो थांबेना. मी तोंडात पदराचा बोळा धरला.

"उजवो!" आबांचा आवाज आला. "उजवो दिल्यान!"

मी गडग्यावर डोकं टेकलं. माझ्या तोंडून हुंदका आला आणि त्याबरोबरच, खोटं कशाला सांगू, मनात आलं की ही देवी वाटते त्यापेक्षा शहाणी आहे.

आबा स्वतः वेल तोडून घेऊन आले. त्यांच्या हातात मनगटाएवढ्या खोडाचा तुकडा होता, पिंपळाच्या पानासारखी रुंद पानं होती आणि फळांचे दोन घोस. गडग्यापाशी ते थांबले. त्यांचा पाय उचलेना. जन्मभर जिथे सोगा झटकला तिथून ते हातात राईची वस्तू घेऊन बाहेर येत होते. मी हात पुढे केला आणि वेल त्यांच्याकडून घेतला. 

गडग्याबाहेर लख्ख ऊन होतं. दाजी राणे माझ्या हातातल्या घोसाकडे बघत राहिले, मग एक फळ त्यांनी बोटानं वर केलं.

"आबा," ते म्हणाले, "ही तर काकमारी."

आबांनी पाहिलं. मीही पाहिलं, पण मला घाटावरचीला काय कळणार!

"काकमारी म्हणजे?"

"मासे मारूचा इख," दाजी म्हणाले. "ल्हान असताना व्हाळात ठेचून टाकू. मासे झिंगान वर येयत. आबा, तूव होतंस माझ्यावांगडा."

खालच्या रानात, बांधावर, ओढ्याकाठी काकमारी सगळ्यांच्या ओळखीची. कुणीही शेंबडं पोर तिच्यापासून चार हात लांब राहील. तोच वेल राईत, उंच झाडांच्या शेंड्यावर, मांडीएवढ्या खोडाचा झाला, आणि त्याची माळ झाली. रोज तिच्या सावलीत पूजा करणाऱ्या माणसालाही मान वर करून हे पान कशाचं, हे फळ कशाचं, असं बघावंसं वाटलं नाही. देवाच्या वस्तूकडे माणूस तसं बघत नाही.

"जा तू," आबा मला म्हणाले. "बेगीन जा."

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी पान हातात घेतलं, देठ चाचपला. मग खोडाचा तुकडा, त्याची बुचासारखी भेगाळलेली साल नखानं खरवडली. मी सांगितलं की गावात याला काकमारी म्हणतात. त्यांनी मान हलवली, पण फळ कापलंच. आतलं बी वाकडं होतं, घोड्याच्या नालेसारखं वळलेलं.

"हेच," ते म्हणाले. "आमच्या सरांनी बरणीत ठेवलेलं होतं. वाळलेलं. बी मात्र हेच." मग नर्सबाईंना म्हणाले, "गाडी नको म्हणून सांगा. कुठेही न्यायचं नाही हिला."

खोलीच्या खिडकीला चादरी लावल्या. दारावर घोंगडी टाकली. नर्सबाईंनी चपला काढून ठेवल्या आणि अनवाणी वावरू लागल्या. पलीकडच्या वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याला खोकला होता, तो बिचारा खोकला आला की तोंडात टॉवेल कोंबून अंगणात जायचा. त्या अंधारात मी पोरीच्या उशाशी बसले. मध्ये एकदा असा आचका आला की मला वाटलं, संपलं. डॉक्टर तिच्यावर वाकले होते आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी होते, कारण ओरडायचीही चोरी.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर तिनं पाणी मागितलं. पाणी प्याली आणि मला ओळखून म्हणाली, "आई, माका भूक लागली."

डॉक्टरांनी बाहेर जाऊन तोंड धुतलं. परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. ते मला म्हणाले, "काल तुम्ही गोव्याला घेऊन गेला असतात तर..." आणि सुगंधाची नाडी बघायला वळले.

दुपारी आबा आले. कोपऱ्यात उभे राहून नातीकडे बघत होते. मी सुगंधाला विचारलं, "का गं बाई, का खाल्लीस ती फळं? राईतलं काही घ्यायचं नाही, माहीत आहे ना तुला?"

तिला ते अजिबात पटलं नाही. "मी काय एक भायर न्हेलंय नाय," ती म्हणाली. "आबा सांगतत, देवीचा काय भायर न्हेवचा नाय. मी थंयच खाल्लंय. खिशे पण उलटे केलंय. देवीच्या माळेचे मणी ते. आबा सांगतत, ज्येका देवी देता तेका मिळता."

मी आबांकडे बघितलं. ते खाली बसले होते, भिंतीला टेकून. डोक्याला हात लावून रडत होते. मोठी माणसं रडतात तसं नाही, पोरासारखं, नाक ओढत. मला त्यांची दया आली. पोरीनं आजोबांचा शब्द पाळला होता, शब्दाबाहेर एक पाऊल टाकलं नव्हतं, आणि त्यानंच ती मेली असती.

सुगंधाला घरी आणल्यावर मी खणानारळानं देवीची ओटी भरली. सात वर्षांत पहिल्यांदा मनापासून. गडग्यापाशी ओटी ठेवली, पदर झटकला. आबा बाजूला उभे राहून बघत होते. मी म्हटलं, "आबा, माझी चूक झाली. मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. देवीनं उजवा दिला म्हणून माझी पोर घरात आहे." ते तोंड फिरवून चालते झाले. मला वाटलं, अजून माझ्यावर राग आहे.

मृग जवळ आला तसा पेरणीचा कौल घ्यायला गाव राईजवळ जमला. दरवर्षीची रीत. बायका लांब उभ्या, पुरुष गडग्यालगत. आबा आले, पण कोरड्या कपड्यांत. अंघोळ न करता. हातात फुलांची परडी होती, ती त्यांनी गडग्यावर ठेवली आणि गावाकडे तोंड केलं.

"माझ्या हातचो कौल हेच्यापुढे लागूचो नाय," ते म्हणाले. "त्या दिवशी नातीसाठी कौल घेतलंय. देवीन डावो दिल्यान. मी उजवो म्हणान सांगितलंय."

माझ्या हातातलं ताट खाली पडलं. ते गोल फिरत राहिलं, त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

कुणीतरी खाकरलं. मग दाजी राणे पुढे झाले. "आबा, परडी घे," ते म्हणाले. "माका म्हायत आसा. मी मागेच होतंय. डावी पाकळी पडली ती मीव बघितलंय."

आबांचा चेहरा मी तेव्हा बघितला. आपला खोटेपणा कबूल करतानाही तो असा उतरला नव्हता. "तुया बघितलंस?" ते म्हणाले. "आणि गप रवलंस?"

"चेडू काय तुझ्या एकट्याचा?" दाजी म्हणाले. "गावाचा होता. तू बोलूक नसतंस तर मी बोलतलंय होतंय. देवीच्या मनात होता म्हणानच ता वाचला, असां समज. आता फुलां लाव. पेरण्ये खोळंबल्येत."

"होय आबा," दोघंतिघं म्हणाले. "लावा फुलां."

"आज डावो पडलो," आबा म्हणाले, "आणि मी उजवो म्हणान सांगितलंय, तर तुमका कसां कळतला?"

"तू सांगशीत तां खरां," दाजी म्हणाले, अगदी प्रेमानं.

"तांच तर नको," आबा म्हणाले. त्यांनी परडी दाजींच्या हातात दिली आणि घराकडे चालू लागले. त्या वर्षी गावानं पंचांग बघून पेरणी केली. पुढे आबांच्या चुलत घराण्यातला एकजण कौलाला उभा राहू लागला.

आबा राईत जायचे बंद झाले. सकाळी उठून अंघोळ करायचे, सवयीनं राईच्या वाटेला लागायचे, आणि आंब्याखालून परत फिरायचे. पंधरवडाभर मी हे बघितलं, मग मला राहवेना. एका सकाळी ते पडवीत बसले होते, सुगंधा त्यांच्यासमोर सागरगोटे खेळत होती. मी चहा दिला आणि तिथेच बसले.

"आबा, असं किती दिवस चालणार? गावानं माफ केलं, देवीची माफी मागा आणि जा की पूजेला. ती काय एवढ्यावरून तुम्हाला तोडून टाकील?"

"माफी मागाक होयी," ते म्हणाले.

"मग मागा ना. गडग्यापाशी उभं राहून मागा. मी येते सोबत."

चहावर साय धरली. मग माझ्याकडे न बघता, सागरगोटे झेलणाऱ्या सुगंधाकडे बघत म्हणाले, "माफी मागाची तर आदी मनात पस्तावो येवक होयो गो. रोज सकाळी वाट धरतंय, म्हणतंय, आज येतलो. आणि ह्या चेडवाचा तोंड बघतंय."

"मग?"

"येणा नाय," आबा म्हणाले. "पस्तावो येणाच नाय."